तीन-सहाचा उतार

मी मुळात भित्रा माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. आखातात नोकरी केलेली माणसं दिवाळी अंकात लिहायला बसली की वाळूच्या वादळांशी आणि तिथल्या उन्हाशी दोन हात केल्याच्या गोष्टी सांगतात. मी कुणाशीच दोन हात केले नाहीत. मी ब्रेकचा मिस्त्री. रियाधच्या आग्नेयेला अल सुलै नावाचा गोदामांचा आणि गॅरेजांचा भाग आहे. तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी लोकांच्या गाड्यांचे ब्रेक दुरुस्त केले आणि जवळजवळ रोज घाबरलो.

ब्रेकच्या कामाला भित्रा माणूसच बरा. इंजिनवाला चुकला तर गाडी सुरू होत नाही, गिऱ्हाईक येऊन शिव्या देतं. ब्रेकवाला चुकला तर शिव्या द्यायलाही गिऱ्हाईक परत येत नाही. कामगारांच्या कॅम्पात जेवायला बसलो की मला हमखास आठवायचं, मागच्या डाव्या चाकाचा नट आवळला का? मग ताट तसंच ठेवून शेडवर जायचं, नट आवळलेलाच असायचा आणि परत येईपर्यंत भात गार. बाकीचे हसायचे. शिवाय या धंद्यात कौतुक नाही. इंजिन गोड चाललं तर लोक इंजिनवाल्याच्या पाठीवर थाप मारतात. ब्रेक लागला तर तो लागणारच होता, त्यात काय सांगायचं.

माझ्या भीतीचं मूळ कुंभार्ली घाटात आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चिपळूण-कराड ट्रक चालवायचे. त्या काळी उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची सर्रास पद्धत होती. डिझेल वाचायचं, मालक खूश व्हायचा. न्यूट्रल केली की गाडी इंजिनापासून सुटते. एरवी उतारावर गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं. ते सुटलं की सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेक एकटा किती वेळ ओढणार? अण्णांचा ट्रक तिसऱ्या वळणावरून खाली गेला. पेपरात आलं, ‘ब्रेक फेल होऊन अपघात’. ट्रक वर काढणाऱ्या मिस्त्रीने मात्र घरी येऊन सांगितलं की गिअरची दांडी मधोमध होती. ब्रेक बिचारे शेवटपर्यंत लागलेले होते, जळून काळे झाले होते. तेव्हापासून ‘ब्रेक फेल’ ही बातमी वाचली की मला राग येतो. ‘न्यूट्रल केली होती’ असं कधी छापून आलेलं मी पाहिलेलं नाही.

शेडमध्ये आम्ही दोघं मुख्य. इंजिनाचं काम इब्राहीमभाईंकडे. ते खेडकडचे, माझ्याहून वयाने मोठे, हाताने निष्णात आणि जिभेने तिखट. शेडचा मालक सालेह हा आमचा कफील, म्हणजे आमचा इकामा, तिथे राहायचा परवाना, त्याच्या नावावर आणि पासपोर्ट त्याच्या कपाटात. माणूस वाईट नव्हता. शिकलेला होता, नवीन गाड्यांपेक्षा जुन्या गाड्यांचा त्याला नाद. पण ज्याच्या कपाटात आपला पासपोर्ट आहे त्याचा चेहरा बघून बोलायची सवय लागते, ती मलाही लागली.

गिऱ्हाइकं एकेक नग. रस्त्यावर भर वेगात गाडी आडवी फिरवायचा खेळ तिथल्या पोरांमध्ये तेव्हा जोरात होता. एक जण दर पंधरवड्याला हँडब्रेकची तुटलेली केबल घेऊन यायचा आणि ‘आपोआप तुटली’ म्हणायचा. मी त्याला अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत समजवायचो की ब्रेक थांबायला असतो, नाचायला नाही. तो हसून माझा मुका घ्यायचा. काही महिन्यांनी तो यायचा थांबला. मी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

दुसरा बुरैद्याचा म्हातारा. बुरैदा म्हणजे खजुराचं गाव. खजूर घेऊन रियाधला आलेला त्याचा पिकअप सकाळी जागचा हलेना. मागची चाकं धरलेली. मी चाकातला ब्रेकचा ड्रम उघडला तर आत गुळाच्या काकवीसारखा वास आला. खजुराचा पाक गळून गळून ड्रममध्ये गेला होता आणि रात्रीच्या गारव्यात ब्रेकचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमला चिकटले होते. गरम पाण्याने धुऊन काढताना इब्राहीमभाई म्हणाले, “चाटून बघ रे, फुकट कशाला घालवतोस.” म्हातारा शेजारी उकिडवा बसून सगळं काम बघत होता. प्रत्येक नट मी दोनदा आवळतो हे त्याच्या लक्षात आलं. “दोनदा का?” त्याने विचारलं. “भीती वाटते, बाबा,” मी म्हटलं. तिथे वयस्क माणसाला आम्ही बाबाच म्हणायचो. मग त्याने मला नाव दिलं, अबू फरामिल. फरामिल म्हणजे ब्रेक. मला चिपळुणात दोन मुली होत्या, पण सुलैमध्ये मी ब्रेकचा बाप झालो.

हा म्हातारा म्हणजे अबू सालेह, आमच्या कफीलचाच बाप. मला हे काम संपल्यावर कळलं, नाहीतर प्रत्येक नट तिसऱ्यांदा आवळला असता. पुढच्या आठवड्यात त्याने बुरैद्याच्या बागेतल्या पंपाच्या खोलीतून एक गाडी ट्रेलरवर घालून पाठवली.

गाडी जर्मन. गोल पाठीची, चार दारांची, समोर एकच लांब सीट, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खाली. मागच्या झाकणावर धातूच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ३=६. आम्ही तिला तीन-सहाच म्हणायला लागलो. इब्राहीमभाईंनी बॉनेट उघडलं आणि डोकं आत घातलं. आत जुन्या स्कूटरचं असतं तसं टू-स्ट्रोक इंजिन, फक्त तीन सिलिंडरचं. साध्या गाडीचा सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धक्का देतो, हिचा प्रत्येक फेरीत देतो. म्हणून तीन सिलिंडर सहाचं काम करतात, हा त्या तीन बरोबर सहाचा अर्थ. इंजिनात हलणारे भाग म्हणजे तीन पिस्टन, तीन दांडे आणि एक क्रँक. पाणी फिरवायला पंपसुद्धा नाही, गरम पाणी आपलं आपण वर जातं नि गार खाली येतं.

सालेह चहा पीत तिचा इतिहास सांगायचा. महायुद्ध संपलं तेव्हा त्या कंपनीचे कारखाने रशियनांच्या बाजूला गेले. यंत्रं गेली, साचे गेले. काही माणसं पश्चिमेकडे निघून आली, सुरुवातीला जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकून जगली आणि परक्या गावात नव्याने गाडी उभी केली. देश मोडून पडलेला, लोकांकडे पैसा नाही, पण बायकामुलांना घेऊन रविवारी कुठे जावंसं वाटणारच. अशा घरांसाठी ती गाडी. “तेही तुमच्यासारखे घर सोडून आलेले,” सालेह म्हणाला. इब्राहीमभाई मला कोपराने ढोसत हळूच म्हणाले, “पण त्यांच्या पासपोर्टचा काय?”

अबू सालेहने ती एका जर्मन माणसाकडून घेतली होती. तो माणूस विहिरी खोदायच्या कामावर आला होता. त्यानेच म्हाताऱ्याला, म्हणजे तेव्हाच्या तरुणाला, गाडी चालवायला शिकवलं. आणि याच गाडीतून अबू सालेहने आपली नवरी घरी आणली. ती मुझाहमियाची. रियाधच्या पश्चिमेला तुवैकच्या डोंगराचा कडा आहे, रस्ता त्या कड्यावरून एकदम खाली उतरतो आणि खाली मैदानात मुझाहमियाच्या बागा आहेत. लग्नानंतर माहेरी जाणं-येणं त्याच गाडीतून, त्याच कड्यावरून. आता उम्म सालेहची, म्हणजे सालेहच्या आईची, बहीण खाटेला खिळली होती. म्हातारीला बहिणीला भेटायचं होतं आणि म्हातारा हट्टाला पेटला होता की नेईन तर त्याच गाडीतून आणि मीच चालवीन.

कडा हा शब्द ऐकला आणि मी हातातला पाना खाली ठेवला.

कारण तोवर मी गाडीखाली जाऊन आलो होतो. ब्रेक जुन्या पद्धतीचे. चारही चाकांना ड्रम आणि चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट, म्हणजे एका जागी गळती झाली की चारही गेले. ते एक वेळ ठीक, मी नळ्या नव्या घातल्या, शूवरचं लायनिंग नवं बसवलं, ड्रम लेथवर फिरवून घेतले. सगळ्यात उशिरा उकळणारं ब्रेक ऑइल भरलं. पण त्या गाडीत एक गोष्ट होती जी मी जन्मात पाहिली नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप न्यूट्रल केल्यासारखी मोकळी व्हायची. सायकलचं पायडल मारायचं थांबवलं की चाक आपलं आपण फिरत राहतं, अगदी तसं. मुद्दाम तशी बनवलेली. म्हणजे ज्या गोष्टीने अण्णांचा जीव घेतला ती या गाडीत कारखान्यातूनच बसवून दिलेली होती. शेडच्या आवारात पहिल्यांदा चालवली तेव्हा पाय काढताच गाडी सुटली, आणि मी इतक्या जोरात ब्रेक मारला की बाहेर उभे असलेले इब्राहीमभाई पळाले.

डॅशबोर्डखाली मध्यावर, हँडब्रेकच्या शेजारी, आणखी एक दांडी होती. ओढली की ही मोकळीक बंद व्हायची आणि इंजिन चाकांना बांधलं जायचं, इतर गाड्यांसारखं. आत ढकलली की पुन्हा मोकळी. मी इब्राहीमभाईंना म्हटलं, “झालं काम. ओढून तारेने बांधून टाकतो कायमची.”

“हात लावू नकोस,” ते म्हणाले. “बांदलीस ना, त कडा उतरंपरत इंजिन जाम झाला म्हणून समज.”

मग त्यांनी मला समजावलं. टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं आणि पेट्रोल आत गेलं की त्याच्याबरोबर पिस्टनला ऑइल मिळतं. उतारावर पाय काढला की पेट्रोल बंद. इंजिन चाकांना बांधलेलं असेल तर चाकं त्याला जोरात फिरवणार आणि आत ऑइलचा थेंब नाही. पिस्टन तापून सिलिंडरला धरतात. म्हणून त्या जर्मनांनी ती मोकळीक दिली होती.

“आणि धरले तर?” मी विचारलं.

“धरले त इंजिनाला जोडलेली पुढची चाकं जागच्या जागी थांबतील. भर उतारावर. मंग तू हायेस आनि तुझे ब्रेक हायेत.”

“आणि दांडी मोकळी ठेवली तर?”

“तरीपन तुझे ब्रेक हायेतच की.”

दोन्हीकडून माझीच मान. पुढचे काही दिवस आमचा हाच वाद चालला. ते म्हणत मोकळी, मी म्हणे बांधलेली. मी इंजिनाला भीत नव्हतो, ते ब्रेकला भीत नव्हते. खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटत होती. शेवटी मी धीर करून सालेहकडे गेलो. म्हटलं, कड्याच्या टोकापर्यंत बाबांना चालवू दे, उतार ट्रेलरवर घालून उतरवू, खाली पुन्हा चालवू दे.

सालेह म्हणाला, “माझी आई ट्रेलरवरून माहेरी जाणार?” मग म्हणाला, “ब्रेक तू केलेस ना? मग तू पुढे बसायचं. मीही बसतो.” त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तोही घाबरलेला होता, पण बापाला नाही म्हणायची त्याची ताकद नव्हती.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. अबू सालेह स्टिअरिंगवर, मध्ये सालेह, दाराशी मी, मागच्या सीटवर उम्म सालेह, काळ्या बुरख्यात, मांडीवर बहिणीसाठी खजुराचा डबा. मागून शेडचा पिकअप घेऊन इब्राहीमभाई, त्यात दोरखंड आणि चाकांना लावायच्या लाकडी उटी. म्हातारा सुरेख चालवत होता. इंजिनाचा टिंग-टिंग आवाज, मागे निळसर धूर, शेजारून जाणारे लोक काचा खाली करून हात हलवत होते. सालेह त्यांना हसून उत्तर देत होता. मी घामाने भिजलो होतो आणि म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत होतो.

कड्याच्या टोकावर बाबांनी गाडी बाजूला घेतली. खाली मैदान दिसत होतं, धुरकट, फार खाली. भरलेले ट्रक खालच्या गिअरमध्ये घरघरत, रांगेने उतरत होते. इब्राहीमभाई खाली उतरून खिडकीशी आले. मी म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, दांडी? बांधायची की मोकळी?”

त्याने हात खाली घातला आणि दांडी ओढली. बांधलेली. मला हायसं वाटलं. इब्राहीमभाईंचा चेहरा पडला. ते मला मराठीत एवढंच म्हणाले, “दत्ता, आवाजाकडे कान ठेव. कोरडा आवाज आला त समज.”

उतार सुरू झाला. बाबांनी पाय काढला आणि इंजिनाने गाडी मागून धरली. मला कुंभार्ली घाटात पहिल्यांदाच खालच्या गिअरमध्ये बसल्यासारखं वाटलं. म्हटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात म्हाताऱ्याने ॲक्सिलरेटर दाबला.

भर उतारावर. गाडी पुढे झेपावली. सालेह बापावर ओरडला, “या बा!” बाबांनी पाय काढला, गाडी पुन्हा आवरली. थोडं खाली गेलो, पुन्हा त्यांनी पाय दाबला. सालेहला वाटलं, बापाला वयामुळे पायडल कळेनासं झालंय, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतोय. मलाही पहिल्या वेळी तेच वाटलं. माझा हात हँडब्रेककडे गेला होता. दुसऱ्या वेळी मी त्यांचा चेहरा पाहिला. तो अगदी शांत होता. आणि मागून उम्म सालेहचा आवाज आला. परक्या पुरुषासमोर ती इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, “त्याला करू दे. तो तिला पाणी पाजतोय. मीही पहिल्या दिवशी किंचाळले होते.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. पाय दाबला की पेट्रोल आत जातं आणि पेट्रोलबरोबर ऑइल. मधूनमधून घोट घोट पाजायचं म्हणजे इंजिन गाडीला धरूनही ठेवतं आणि जळतही नाही. त्या जर्मनाने शिकवलेलं हे असणार. आम्ही दोघं शहाणे आठवडाभर भांडलो आणि ज्याने आयुष्यभर तो कडा उतरला त्याला विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

मला कळलं, पण सालेहला नाही. समोर एक ट्रक आला, दगडी फरशा लादलेला, मुंगीच्या पावलांनी उतरणारा. अंतर कमी होत होतं आणि बाबांचा पाय पुन्हा ॲक्सिलरेटरकडे निघाला. सालेहने वाकून दोन्ही हातांनी त्यांचा उजवा पाय धरला आणि वर खेचला. “बस, या बा, बस!” म्हातारा एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्याने त्याला ढकलत होता, पण तरुण माणसाच्या ताकदीपुढे त्याचं काय चालणार?

आणि मला तो आवाज आला. टिंग-टिंग थांबलं. त्या जागी एक बारीक, कोरडी किंचाळी, लोखंडावर लोखंड घासल्याची. गाडीच्या नाकाला एक झटका बसला. इंजिन धरायला लागलं होतं. आणखी एक झटका आणि पुढची चाकं थांबणार होती. मागून उतरणारे ट्रक मला आरशात दिसत होते.

मला काय करायला हवं ते माझ्या हाताशी, डॅशबोर्डखाली होतं. ती दांडी आत ढकलायची, इंजिन चाकांपासून सोडवायचं. म्हणजेच घाटात गाडी न्यूट्रल करायची. जे मी आयुष्यात कधी केलं नाही, कुणाला करू दिलं नाही, ज्याच्यासाठी मी ड्रायव्हरांशी भांडलो, ते माझ्याच हाताने करायचं आणि गाडीतल्या चौघांचा जीव माझ्याच ब्रेकवर सोपवायचा. तेवढ्या वेळात मला माझं सगळं काम आठवलं. मागच्या डाव्या चाकाचा नट आवळलेला होता का, हेसुद्धा.

मी दांडी ढकलली. ती भाराखाली अडकली होती, हलेना. बाबांनी माझा हात पाहिला असावा, त्यांनी डाव्या पायाने क्लच दाबला. भार सुटला आणि दांडी आत गेली. किंचाळी थांबली. गाडी मोकळी झाली आणि सुटली.

“पाय सोडा त्यांचा!” मी सालेहवर ओरडलो, चक्क मराठीत. कफीलवर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. भाषा कळली नसेल, पण त्याने पाय सोडला. बाबांनी ब्रेक दाबला. गाडी आवरली, ट्रकच्या शेजारून निघाली, आणि पुढे अजून निम्मा उतार होता.

ब्रेक तापला की ड्रम फुगतो आणि आतल्या शूपासून लांब जातो. मग पायडल रोजच्यापेक्षा खोल जायला लागतं. ते मला बाजूला बसून दिसत होतं. प्रत्येक वेळी थोडं आणखी खोल. लायनिंग जळल्याचा वास आला. हा वास मला ओळखीचा होता. अण्णांच्या ट्रकची चाकं बघायला गेलो होतो तेव्हा तोच होता. मी बाबांना हाताने खूण केली, दाबून धरू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा. मी स्वतः हँडब्रेक हळूहळू, दाता-दाताने ओढत गेलो. सालेह डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मागून म्हातारी जोरात, ठाम आवाजात प्रार्थना म्हणत होती. मी मनातल्या मनात ड्रमला विनवत होतो, एवढा एक उतार धर बाबा, मग आयुष्यभर तुला तापू देणार नाही.

पायडल जमिनीला टेकायला थोडी जागा उरली होती तेव्हा रस्ता सपाट झाला.

बाबांनी गाडी वाळूत घेतली. चारही चाकांतून धूर येत होता. इब्राहीमभाई उटी घेऊन धावत आले आणि आधी त्या चाकांना लावल्या. मग बॉनेटवर हात ठेवून त्यांनी इंजिन गार होऊ दिलं आणि हळूच चावी फिरवली. टिंग-टिंग. धरलेलं इंजिन सुटलं होतं. ते रडत होते, पण घाम पुसतोय असं दाखवत होते.

सालेह बाजूला जाऊन भावाला फोनवर सांगत होता. मला शब्द कळले. “फरामिल राहत,” तो म्हणत होता. ब्रेक गेले. मला तोच पेपर आठवला, तीच बातमी. मी मान खाली घातली. आपला पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे हेही आठवलं.

अबू सालेह काठी टेकत गेले आणि मुलाच्या हातातून फोन काढून घेतला. “ब्रेक गेले असते,” ते फोनवर म्हणाले, “तर तुझ्याशी आत्ता कोण बोललं असतं?” फोन मुलाला परत दिला आणि त्याच्याकडे न बघता माझ्याजवळ आले. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, “अबू फरामिल.” सालेहने फोन खिशात घातला. मग त्याने गाडीतून पाण्याची बाटली आणली आणि पहिल्यांदा मला दिली.

उरलेला रस्ता सपाट होता. मुझाहमियाच्या त्या घरात उम्म सालेह आत गेली आणि आतून दोन म्हाताऱ्यांच्या रडण्याचा आणि हसण्याचा आवाज एकदमच आला. आम्हाला अंगणात गहवा दिला, त्यांची ती वेलचीची कडू कॉफी. कपात ती घोटभरच ओततात, पण माझे हात इतके कापत होते की तेवढीही सांडली. इब्राहीमभाईंनी कप माझ्या ओठाला लावला. येताना ट्रेलर मागवून गाडी त्यावरून आणली. म्हातारीच म्हणाली म्हणे, जाताना ऐट झाली, आता पुरे.

संध्याकाळी कॅम्पावरून चिपळूणला फोन लावला. आईने उचलला. मी तिला सगळं सांगितलं, दांडीचं, वासाचं, न्यूट्रलचं. न्यूट्रल हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला जात नसे. मग तिने विचारलं, “घाबरलास का रे?”

“फार,” मी म्हटलं.

“बरं झालं,” आई म्हणाली. “तुझे अण्णा कधी घाबरायचेच नाहीत.”